तार रुंद झाली, भावाचे काय?

(आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा येथील बैठकीत केलेले भाषण)



या बैठकीला कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून आलेले कास्तकार आहेत, मोहाडी-तुमसरकडचे धान पिकवणारे आहेत आणि याच गावातले कोशाचे कापड विणणारे विणकरही आहेत. माल तिघांचा वेगळा, दुखणे एकच. माल आपला आणि भाव दुसऱ्याचा. मग आजचा विषय समुद्राखालच्या इंटरनेटच्या तारांचा कशाला, असे कोणीही विचारील. चुकारा राहिला, बोंडअळी राहिली आणि हे निघाले समुद्राच्या तळाशी!

कारण असे. २०२१ पासून महाराष्ट्रात पेऱ्याची नोंद 'ई-पीक पाहणी'च्या ॲपवर करायची आली. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस सीसीआयला द्यायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नाव घालायचे आले. म्हणजे इंटरनेट ही आता शहरातल्या पोरांची चैन राहिली नाही. वखर-तिफणीसारखे ते शेतीचे अवजार होऊन बसले आहे. अवजार हाती घ्यायचे तर ते येते कुठून, त्याची किंमत कोण ठरवतो आणि त्याच्या जोरावर कोणाची घरे भरली, हे कास्तकाराला ठाऊक असले पाहिजे.

दुसरे कारण याहून जवळचे आहे. मुंबईला समुद्रातून विलायतेची जी पहिली तार आली, तिच्यामागे कापसाचाच पैसा होता. तिथूनच सुरुवात करू.

पहिली तार आणि वऱ्हाडचा कापूस

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस लिव्हरपूलला पोचेना. लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे. भाव कडाडले, मुंबईत सोन्याचा धूर निघाला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या कंपन्या आणि पेढ्या पत्त्याच्या बंगल्यासारख्या खाली आल्या.

त्या काळी विलायतेची बातमी आगबोटीने यायची. तिला महिनाभर लागायचा. मुंबईचे मोठे सटोडिये प्रेमचंद रायचंद यांच्याबद्दल असे सांगतात की, आगबोट बंदराला लागण्याआधीच ती गाठायला ते आपल्या होड्या पाठवीत. लिव्हरपूलचा भाव बाकीच्यांच्या आधी काही तास त्यांना कळे. एवढ्या काही तासांवर लाखांची उलाढाल होई. भाव आधी कळणे म्हणजे पैसा, ही गोष्ट व्यापाऱ्याला दीडशे वर्षांपूर्वीच कळली होती.

मग १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन अशी तार समुद्रात टाकली. पुढे सुवेझ, माल्टा, जिब्राल्टर असे टप्पे घेत ती विलायतेला भिडली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-लंडन तार सुरू झाली. या कामामागचा मुख्य माणूस होता जॉन पेंडर. हा काही तारेचा कारागीर नव्हता. मँचेस्टरचा कापडाचा व्यापारी होता. ज्याला भावाची बातमी हवी होती त्यानेच तार टाकली.

त्याच १८७० सालच्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा त्यांनी सुरू केला. एकाच वर्षात समुद्रातून तार आली आणि वऱ्हाडात कापसाच्या बाजाराच्या दारी रेल्वे आली. तारेतून हुकूम यायचा, रेल्वेतून कापूस जायचा.

आता हिशेब करा. महिन्याची बातमी काही तासांवर आली, तर फायदा कोणाला झाला? लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याचा धोका कमी झाला. मुंबईच्या निर्यातदाराला पडेल भावात अडकून बसण्याची भीती उरली नाही. कास्तकाराचा कापूस मात्र बोंड फुटायच्या आधीच सावकाराच्या वहीत लिहिलेला होता. लिव्हरपूलचा भाव त्याला कळला असता तरी तो काय करणार होता? त्याला विकायचे स्वातंत्र्यच नव्हते. तार खामगावच्या बाजारापर्यंत आली, वावरापर्यंत आली नाही.

पुढची गोष्ट तर हसावे की रडावे अशी आहे. मटका तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. हा मटका निघाला कशातून? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होता भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचा आणि त्या आकड्यांवर मुंबईत जुगार चालायचा. त्याला 'आकडा' म्हणत. १९६० नंतर लवकरच न्यूयॉर्कचे आकडे यायचे थांबले. मग चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढू लागले, म्हणून तो मटका. म्हणजे जगाच्या कापसाचा भाव आमच्या गावापर्यंत पोचला तो जुगाराचा आकडा होऊन! कापूस पिकवणाऱ्याने त्या आकड्यावर पैसे लावले, पण त्या भावाने कापूस विकला नाही.

तारेची रुंदी म्हणजे काय

आता आजच्या तारेकडे येऊ. 'बँडविड्थ' हा शब्द पोरांच्या तोंडी असतो. भंडाऱ्यातल्या माणसाला तो समजायला वेळ लागू नये. इथे गावोगावी मालगुजारी तलाव आहेत. तलावात पाणी किती, हा एक प्रश्न. एका घटकेत पाटातून किती पाणी वाहते, हा दुसरा. बँडविड्थ म्हणजे पाटाची रुंदी. फरक इतकाच की या पाटातून बातमी वाहते. ती 'बिट' या मापाने मोजतात. हजार बिटांचा किलोबिट, हजार किलोबिटांचा मेगाबिट, पुढे गिगाबिट आणि त्याच्याही पुढे टेराबिट. समुद्राखालच्या आजच्या तारेत तांब्याऐवजी केसाएवढे काचेचे धागे असतात आणि त्यांतून उजेडाच्या रूपाने बातमी धावते.

हा पाट किती अरुंद होता ते पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट. चांगल्या प्रकारच्या जोडणीला २५० तासांचे १५,००० रुपये. आज मोबाइलमध्ये आपण ज्याला एक जीबी म्हणतो, तेवढी बातमी त्या वेगाने उतरवायला सुमारे २३० तास लागले असते. म्हणजे एका जीबीला जवळजवळ १४ हजार रुपये, टेलिफोनचे बिल वेगळे. १९९५-९६ साली एच-४ कापसाचा हमीभाव १,३५० रुपये क्विंटल होता. एक जीबी म्हणजे दहा क्विंटल कापूस! तेव्हा आमच्यापैकी कोणी त्या वाटेला गेले नाही यात नवल काय?

एकच दार, एकच धनी

इंटरनेट इतके महाग का होते? तार महाग होती हे अर्धे उत्तर. परदेशातून आलेल्या तारेला देशात शिरायला दार एकच होते, हे उरलेले अर्धे. १९८६ साली स्थापन झालेल्या विदेश संचार निगमाकडे ते दार होते. १९९७ साली 'फ्लॅग' नावाची मोठी तार मुंबईला आली, ती या निगमाच्या अंगणात. १९९८ च्या शेवटी खाजगी कंपन्यांना इंटरनेट पुरवण्याची परवानगी मिळाली. पण आंतरराष्ट्रीय टेलिफोनचा मक्ता निगमाकडेच राहिला आणि तो संपला १ एप्रिल २००२ रोजी.

कापूसवाल्यांनो, हे ओळखीचे वाटते की नाही? महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी. खरेदीदार एक, भाव त्याचा, ग्रेड त्याची, चुकाऱ्याची तारीख त्याची. तीही मक्तेदारी ढिली झाली ती २००२ सालीच, खाजगी व्यापाऱ्याला कापूस घ्यायची मुभा मिळाली तेव्हा. दार एक असले की दाराशी उभा असलेला माणूस राजा होतो. मग तो सरकारी असो की खाजगी, त्याने फरक पडत नाही.

खाजगी असला तरी फरक पडत नाही, याचाही दाखला आहे. २००२ साली विदेश संचार निगम टाटांकडे गेले. समुद्रातल्या तारा वाढू लागल्या, पण किनाऱ्यावरची जुनी ठाणी जुन्याच धन्याच्या हाती. फ्लॅग तारेची क्षमता मुंबईला वाढवून देण्यावरून तिची मालक कंपनी आणि निगम यांच्यात तंटा लागला. तो आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि २००६ साली निकाल फ्लॅगच्या बाजूने लागला. २००७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाला म्हणजे ट्रायला नियमच करावा लागला की, किनाऱ्यावरचे ठाणे ज्याच्या हाती आहे त्याने इतरांनाही ठरलेल्या दराने वाट द्यावी. नुसते मालक बदलून भागत नाही, दारे वाढवावी लागतात.

दारे वाढली आणि काय झाले ते पाहा. २००२ साली चेन्नई-सिंगापूर तार, २००५ च्या सुमारास मुंबई आणि चेन्नई दोन्ही बंदरांना लागणारी 'सी-मी-वी ४', आणि मग एकामागून एक. २०२२ च्या अखेरीस देशाच्या १४ ठाण्यांवर १७ आंतरराष्ट्रीय तारा लागलेल्या होत्या आणि त्यांची वापरातली क्षमता सेकंदाला सुमारे १११ टेराबिट होती. १९९५ च्या त्या जोडणीच्या हिशेबाने एकाच वेळी अकराशे कोटींहून जास्त जोडण्या! २०२४ च्या अखेरीस 'सी-मी-वी ६' ही आणखी एक तार चेन्नई आणि मुंबईच्या किनाऱ्याला लागली. अशा एकेका नव्या तारेची क्षमता शंभर टेराबिटांच्या वर असते.

देशांतही चढाओढ लागली. २०१४ साली मोबाइलवर एक जीबी सुमारे २६९ रुपयांना पडत होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली, बाकीच्यांना दर पाडावे लागले आणि २०१८ साली तोच जीबी १२ रुपयांच्या आत आला. १४ हजारांची वस्तू बारा रुपयांवर. बियाणे, खत, फवारणी, वेचाईची मजुरी, यांतले काही असे उतरले आहे का?

पैसा कोणाच्या घरी गेला

तारेने देशात पैसा आणला यात शंका नाही. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगलोरला उपग्रहाची जोडणी घेऊन काम सुरू केले. १९९० च्या सुमारास पुणे, बंगलोर, भुवनेश्वरला सरकारने सॉफ्टवेअर पार्क काढले. पुढे हिंजवडीत वावरांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. २०२३-२४ साली देशाची संगणक सेवांची निर्यात सुमारे २०० अब्ज डॉलरची होती. आमच्यातल्याही किती तरी घरांतली मुले तिथे गेली, त्यांच्या पगारावर बहिणींची लग्ने झाली, विहिरी बांधल्या गेल्या. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार असावी कशाला? ज्या कामाला सरकारने परवाने आणि कोटे लावले नाहीत ते काम वाढले.

पण मग आमचा कापूस तिथेच का राहिला? आमचे म्हणणे एका वाक्यात असे आहे: ज्याचा माल तारेतून जातो त्याला तारेचा पैसा मिळतो, ज्याचा माल गाडीतून जातो त्याच्या वाट्याला नुसती बातमी येते.

संगणकाचे काम हे सगळेच्या सगळे तारेतून जाते. हिंजवडीतला पोरगा रात्री बटण दाबतो आणि त्याचा माल अमेरिकेत पोचतो. त्याला हमाली नाही, तोलाई नाही, ट्रक नाही, नाका नाही. तार जितकी रुंद तितका त्याचा माल जास्त. कोशाचे लुगडे विणणारा आमचा विणकर त्याच्या खालोखाल. त्याचा माल पार्सलने जातो, पण त्याचे चित्र तारेतून जाते. काठ, पदर, रंग पुण्याच्या बाईला मोबाइलवर दिसतो आणि सौदा ठरतो. चित्राला रुंद तार लागते, म्हणून विणकराने तारेसाठी भांडले तर त्यात त्याचा रोख फायदा आहे.

कापसाचे तसे नाही. चित्र पाहून कापूस कोणी घेत नाही. ओलावा किती, धागा किती, कचरा किती, हे हाताने पाहावे लागते. तारेतून येतो तो फक्त भाव. आणि भाव म्हणजे केवढी बातमी? चार आकडे! वारणानगर परिसरातल्या ७० गावांत १९९८ साली संगणक बसवले गेले, मोठा गाजावाजा झाला. पुढे पाहणाऱ्यांना असे दिसले की शेतकरी त्याचा वापर मुख्यतः ऊस किती गेला, खत किती मिळाले एवढ्या हिशेबासाठी करतो. मग २००७ च्या सुमारास सात गावांत संगणक काढून साध्या मोबाइलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले आणि ते चालले. बातमीपुरते पाहिले तर शेतकऱ्याची गरज वाटीभर पाण्याची होती. म्हणून कोणी सांगू लागला की तार दसपट रुंद झाली म्हणजे कापसाचा भाव दसपट वाढेल, तर त्याला हात जोडा.

भाव कळणे आणि भाव घेणे

निदान भाव कळला तर भाव मिळतो की नाही? यावर अभ्यास झाले आहेत आणि ते एकत्र ठेवून पाहण्यासारखे आहेत.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आला. मासेमार समुद्रातूनच फोन करून विचारू लागले, आज कोणत्या किनाऱ्याला भाव बरा आहे? रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने हिशेब मांडला. मासेमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली आणि फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ थांबली.

मध्य प्रदेशात आयटीसी कंपनीने २००० सालापासून 'ई-चौपाल' काढले. गावात संगणकावर सोयाबीनचा भाव दिसू लागला. अपराजिता गोयल यांच्या अभ्यासात आसपासच्या मंड्यांतला सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

आणि आपल्या महाराष्ट्रात? २००७ साली रॉयटर्स कंपनीने शेतकऱ्याच्या मोबाइलवर बाजारभाव आणि हवामान पाठवण्याची सेवा सुरू केली. फाफशां आणि मिंटेन या दोघा अभ्यासकांनी १०० गावांत काही शेतकऱ्यांना ती देऊन, काहींना न देऊन तपासले. २०१२ साली निष्कर्ष छापून आला. शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या सरासरी भावात दखल घ्यावी असा फरक दिसला नाही.

असे का व्हावे? भावाची बातमी तिन्ही ठिकाणी पोचली. शेतकरी काही केरळच्या कोळ्याहून मठ्ठ नाही. फरक बातमीत नव्हताच. कोळी होडीत बसलेला असतो. या किनाऱ्याला भाव पडला तर सुकाणू फिरवून तो दुसऱ्या किनाऱ्याला जातो, त्याला अडवणारा कोणी नाही. मध्य प्रदेशात भाव सांगणाऱ्याने स्वतःचा तराजू आणि रोख पैसाही आणला, म्हणजे मंडीबाहेर दुसरा गिऱ्हाईक उभा राहिला. आपल्याकडे भाव कळतो त्या दिवशी गाडी भाड्याने आणलेली असते, आडत्याची उचल डोक्यावर असते, घरी माल ठेवायला जागा नसते आणि बँकेची तारीख आलेली असते. अशा माणसाला चारशे रुपये जास्तीचा भाव शंभर मैलांवर आहे असे कळले, तर त्याचा फायदा एकच. रात्री झोप लागत नाही!

म्हणून भाव कळणे वेगळे आणि भाव घेणे वेगळे. पडेल भावाला 'नाही' म्हणता येणे ही शेतकऱ्याची खरी ताकद. ती तारेतून येत नाही. पण ती असेल, तर तार तिला धार लावते.

एका हुकुमात तार मुकी

यावर कोणी म्हणेल, गोदामे बांधा, कर्ज द्या, की झाले. तेवढ्यानेही भागत नाही. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायद्यात कापूस दोन डॉलर पौंडाच्या वर गेला होता. अशा बाजारात आमच्या कापसाला वाट मोकळी हवी. पण पुढच्याच वर्षी, ५ मार्च २०१२ रोजी, दिल्लीहून हुकूम निघाला आणि कापसाची निर्यात बंद झाली. आठवड्याभरात ओरड होऊन तो सैल करावा लागला, पण सौदे मोडायचे ते मोडले. २०२५ साली १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. नेमका आमचा कापूस घरात यायचा तो काळ.

समुद्रातली तार सेकंदात जगाचा भाव आणते आणि एक कागद तो भाव किनाऱ्यावरच अडवतो. बातमीला वाट मोकळी, मालाला वाट बंद! बातमी आणि माल या दोहोंची वाट एकदम मोकळी असेल तेव्हाच त्या भावाला आमच्यासाठी अर्थ आहे.

तार तुटते तेव्हा काय होते, हेही ऐकून ठेवा. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या आणि हिंदुस्थानातले परदेशी इंटरनेट निम्म्याच्या आसपास आले. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ पुन्हा तेच. वाट तीच, १८७० सालची, मुंबई-एडन-सुवेझ. आता तारा टाकणाऱ्यांत गूगल आणि मेटा या कंपन्या पुढे आहेत. तेव्हा कापडाच्या व्यापाऱ्याने टाकली, आता बातमीच्या व्यापाऱ्याने टाकली. ज्याला गरज तो तार टाकतो आणि ती आधी त्याच्याच दारी जाते. हे त्याचे पाप नाही. आपल्या दारी ती आणणे हे आपले काम आहे.

पाट वावरापर्यंत

आता आपल्या कामाचे. समुद्रात तलाव भरला आहे, पण गावाचा पाट बुजलेला आहे. ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार नेण्याची योजना दिल्लीने २०११ साली मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. अडीच लाख ग्रामपंचायतींचे उद्दिष्ट होते. मुदती गेल्या आणि २०२३ साली १ लाख ३९ हजार कोटींचा नवा आराखडा मंजूर करावा लागला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेटी लागली म्हणजे तार आली असे नाही. पेटीतला दिवा लागतो का, हे पाहावे लागते.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

पहिली: जे काम ॲपवर सक्तीचे केले आहे, ते काम कागदावरही करून मिळाले पाहिजे. रेंज नाही म्हणून पेरा नोंदला नाही, पेरा नोंदला नाही म्हणून कापूस घेतला नाही, ही साखळी आम्हाला मान्य नाही. धुऱ्यावर मोबाइल उंच धरून फिरणे हे शेतीचे काम नव्हे.

दुसरी: गावात तार देणारे एकाहून जास्त असले पाहिजेत. आपण वर पाहिले, दार एक असले की दर चढा. गावात एकच मनोरा, एकच कंपनी, मग तिची मर्जी. पंचायतीपर्यंत आलेली सरकारी तार ज्याला घरोघर न्यायची असेल त्याला, गावातल्या पोरालासुद्धा, ठरलेल्या दराने मिळावी.

तिसरी: माल थांबवण्याची सोय. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना ज्वारीला आणि धानाला लागू आहे, मालाच्या किमतीच्या ठरावीक हिश्शाएवढे कर्ज त्यावर मिळते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, हे परत गेल्यावर विचारा. चालू नसेल तर का नाही ते लेखी मागा. आणि निर्यात-आयातीचे हुकूम हंगामाच्या तोंडावर काढायचे नाहीत, ही मागणी प्रत्येक ठरावात राहू द्या.

चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची. प्रत्येक गावात एका शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने रोज संध्याकाळी चावडीजवळच्या फळ्यावर तीन बाजारांचे भाव लिहावेत. शेजारी न्यूयॉर्कचा भाव आपल्या मापात मांडावा. रीत अवघड नाही. समजा तिथे रुई ७० सेंट पौंड आहे. एका क्विंटलात साधारण २२०.५ पौंड, म्हणजे सुमारे १५४ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर रुई सुमारे १३,१०० रुपये क्विंटल. एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघते असे धरा. तिचे झाले साडेचार हजारांच्या आसपास. उरली ६५ किलो सरकी. ती ३० रुपयांनी धरली तर १,९५० रुपये. एकूण सुमारे ६,४००. यातून जिनिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा जाईल. आकडे रोज बदलतील, रीत बदलणार नाही.

हा हिशेब फळ्यावर असला की दोन गोष्टी होतील. गाडी दारात आली तेव्हा व्यापारी जो भाव बोलतो, तो बाजाराचा आहे की आपल्या अडचणीचा आहे, हे कळेल. आणि २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, तो खुल्या बाजाराच्या वर होता की खाली, आणि खरेदी केंद्र उशिरा उघडले तर आपल्या खिशातून नेमके किती जातात, हे दर क्विंटलमागे सांगता येईल. हिशेब हाती असलेला शेतकरी मोर्चात वेगळा बोलतो आणि जिनिंगच्या दारातही वेगळा बोलतो.

शेतकरी भावांनो, दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत तार आली तेव्हा आमच्या आज्यापणज्यांना कोणी विचारले नाही. तो भाव त्यांच्या कापसाचा होता आणि तो त्यांच्याच नकळत ठरत होता. आज तीच बातमी आमच्या पोरांच्या खिशात आहे. ती नुसती गाणी आणि सिनेमे बघण्यात घालवायची, की तिचा फळा करून चावडीवर लावायचा, हे ठरवायला दिल्लीची परवानगी लागत नाही. फळ्याची सुरुवात करायला खडू पुरतो. ज्या गावांचे फळे लागतील त्यांनी पुढच्या जिल्हा बैठकीला आपापला महिन्याभराचा हिशेब घेऊन यावे. तो समोर ठेवूनच पुढचे ठरवू.